फुगा घट्ट होईस्तोवर

मागच्याच्या आधीच्या पोळ्याला, करीच्या दिवशी माझ्या नवऱ्याला लकवा मारला. सकाळी ते बैल सोडायला म्हणून गोठ्यात गेले आणि दाव्याची गाठच सुटेना. मी चहा घेऊन गेले तर ते गाठीकडे बघत उभे होते, उजवा हात नुसता लोंबत होता. "काय झालं जी?" म्हटलं तर काहीतरी बोलले, पण ते शब्द नव्हते. दिराने गाडी काढली, अमरावती गाठली. जीव वाचला. पाय हळूहळू काठीवर चालायला लागला. उजवा हात मात्र तसाच राहिला, आणि बोलणं बिघडलं.

बिघडलं म्हणजे कसं, ते सांगते. समजायचं सगळं. कोण आलं, कोण गेलं, संत्र्याचा भाव काय, सगळं कळायचं. पण म्हणायचं एक असे आणि तोंडात यायचं भलतंच. पाणी पाहिजे असलं की "खुर्ची दे." भाकरीला "कुलूप." डॉक्टरांनी सांगितलं होतं की शब्द डोक्यात आहेत, फक्त सापडत नाहीत, घाई करू नका, हसू नका. शिव्या तेवढ्या स्वच्छ यायच्या. त्यांना सापडण्याची वाट पाहावी लागत नसे.

आमचं गाव धरणाच्या काठावर आहे. धरण झालं तेव्हा सासरचं जुनं गाव पाण्यात गेलं. नवं गाव अलीकडे वसलं, आणि आमची संत्र्याची बाग पलीकडच्या काठावर राहिली. पुलावरून गेलं तर बराच मोठा फेरा, आणि शेवटी काळ्या मातीची पांदणवाट. म्हणून नवऱ्याने फार वर्षांपूर्वी फायबरची एक बोट आणि तिला मागे लावायचं जुनं इंजिन घेतलं होतं. कुठल्याशा पर्यटनाच्या जागी मोडीत काढलेलं ते इंजिन, पेट्रोलमध्ये ऑईल मिसळून चालणारं, दोरी ओढून चालू करायचं. ते दोरी ओढायचे, मी पुढे बसायचे. माझं माहेर नांदगाव खंडेश्वरकडचं. तिकडे पाणी म्हणजे विहिरीचं. इतकी वर्षं झाली तरी बोटीत बसलं की मी दोन्ही हातांनी काठ धरायचे आणि इंजिनकडे पाठ करायचे.

आजारपणानंतर ते अंगणात बसून पलीकडे बघत राहायचे. हिरव्या पट्ट्याकडे डावा हात करायचे. मी समजायचे. उन्हाळ्यात पांदण वाळली तेव्हा दिराच्या जीपने नेऊन पाहिलं. पण चाकोऱ्या इतक्या खोल पडलेल्या, की प्रत्येक धक्क्याला त्यांचा तोल जायचा आणि दुखरा खांदा आपटायचा. अर्ध्या वाटेत त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. गाडी वळवली. त्या दिवसापासून त्यांनी पलीकडे हात करणं बंद केलं. मला ते जास्त लागलं.

पावसाळा संपला, पाणी काठोकाठ भरलं. दसऱ्याला घरातली अवजारं पुजायला काढली तेव्हा गोठ्याच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली इंजिन दिसलं. मी त्यालाही हळदकुंकू लावलं, आणि जेवताना दिराला म्हटलं, "भाऊजी, ते इंजन बोटीले लावून द्या. मी चालू करतो."

दीर मनाने चांगला माणूस. भावासाठी वर्षभर धावला होता. तो म्हणाला, "वयनी, म्या त्या बोटीले गिऱ्हाईक पाहून ठेवलं. काहून जिवाले घोर लावून घेता?"

"गिऱ्हाईक कुठी पयते? आधी चालू तर होऊ द्या. चालू इंजन कोणीबी घेईन."

हे मी नुसतं त्याची समजूत काढायला म्हटलं. विकायचं माझ्या मनात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दिराने इंजिन बोटीला कसून दिलं. बोट घाटाला बांधलेलीच होती. नवऱ्याला प्लास्टिकच्या खुर्चीवर काठावर बसवलं. मी पदर खोचला आणि दोरी ओढली. ओढली म्हणजे काय, अर्धी आली आणि हातातून सुटून परत गेली. पुन्हा ओढली. पुन्हा. तळहात लाल झाले, इंजिन हूं की चूं करेना. मागे नवरा काहीतरी सांगत होते. "घड्याळ," ते म्हणाले. "घड्याळ!" मी म्हटलं, वेळ विचारून राहिले. वेळ सांगितली तर मानेने नाही म्हणाले आणि काठी मांडीत धरून डाव्या हाताने आपलं उजवं मनगट पकडून दाखवलं.

मनगट. मी आठवू लागले. बोटीवर असताना त्यांच्या मनगटाला एक पिळाची लाल दोरी असायची, तिच्या टोकाची चिमटी इंजिनाला लावलेली असायची. माणूस पाण्यात पडला तर चिमटी निघते आणि इंजिन बंद पडतं. ती चिमटी जागेवर नसेल तर कितीही ओढा, ठिणगीच पडत नाही. घरी शोधाशोध केली, तर लाल दोरी गोठ्यात, बैलाच्या घुंगरमाळेच्या खिळ्याला लटकलेली.

चिमटी लावली. तरी चालू झालं नाही. पण आता मला एक कळलं होतं. सांगणारा माणूस काठावर बसलेला आहे. शब्द चुकतील, खूण चुकणार नाही.

मग मी रोज थोडं थोडं केलं. टाकीचं झाकण उघडलं तर आतल्या पेट्रोलला वार्निशसारखा वास. वर्षभराचं शिळं. ते काढून टाकलं. टाकीच्या बुडाशी पाण्याचे थेंब जमलेले, ते कापडाने टिपले. नवं पेट्रोल, नवं ऑईल. प्लग काढायला दिराच्या मोटारसायकलचा पाना चालला. दोन्ही प्लग काळेकुट्ट आणि ओले. टाकी लांब नेऊन ठेवली, प्लग इंजिनाच्या लोखंडाला टेकवले आणि दिराला म्हटलं, "ओढा." एकावर निळी ठिणगी पडली, दुसऱ्यावर काहीच नाही.

नवरा काठावरून ओरडले, "चमचा! चमचा नवा!"

"प्लग नवा?" मी विचारलं.

त्यांनी जोराने मान हलवली आणि हसले. आजारानंतर बोलताना ते पहिल्यांदा हसले असावेत. मोर्शीहून नवे चमचे आणले. आमच्या घरात प्लगला अजून चमचाच म्हणतात.

नव्या प्लगांवर इंजिन खोकलं. एकदा खोकून गप्प. पुढे काही करता येईना. दिराने मोबाईलवर व्हिडिओ शोधून दाखवले. त्यातला माणूस कुठल्या तरी परक्या भाषेत बोलत होता आणि त्याचं इंजिन चकचकीत होतं. शेवटी दीर म्हणाला, "परतवाड्याले एक मिस्त्री हाय, फवाऱ्याच्या पंपाचे इंजन दुरुस्त करते. जात तेच हाय, हेबी ऑईलवालं इंजन." इंजिन उतरवून मालवाहू ऑटोत घातलं. मीही गेले. दीर म्हणाला तुमचं काय काम. म्हटलं, बघायचं हाय.

मिस्त्री वयस्क होता, पांढरी दाढी, नाकाच्या टोकावर चष्मा. त्याने कार्बोरेटर उघडला. आतल्या बारीक छिद्रात शिळ्या पेट्रोलचा डिंक जमला होता, तो त्याने तारेने आणि हवेने साफ केला. मग दुकानामागे पाण्याच्या ड्रममध्ये इंजिन उभं केलं, वर छपराच्या बल्लीला पेट्रोलची एक बाटली सलाईनसारखी टांगली, तिची नळी इंजिनाला जोडली आणि दोरी ओढली. दुसऱ्याच ओढीला इंजिन चालू झालं. ड्रममधलं पाणी उसळून माझ्या पातळावर आलं.

"भाभी, ले जाओ," तो म्हणाला. "पुराना है, मगर दमदार है. अब तकलीफ नहीं देगा."

पण दिली.

घाटावर लावलं, आमची टाकी जोडली, दोरी ओढली. चालू झालं! नवऱ्याने काठी वर करून हलवली. मी आणि दीर अंगात लाईफ जॅकेट घालून निघालो. बोट काठापासून दूर गेली, आणि पाणी गडद व्हायला लागलं तसं इंजिन कापऱ्या आवाजात घरघरलं आणि बंद पडलं. पुन्हा ओढलं, पुन्हा चालू झालं, थोडं गेलो, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा झालंच नाही. वल्ही मारत परत यावं लागलं. वारा उलटा होता. दीर घामाघूम झाला.

काठाजवळ आलो तर नवरा खुर्चीतून अर्धे उठलेले. चेहरा लाल. "बीपी!" ते ओरडत होते. "बीपी! बीपी!"

पहिला झटका बीपीनेच आला होता. दिराने त्यांना जवळजवळ उचलूनच घरी आणलं. मी पळत जाऊन बीपीचं यंत्र आणलं. डॉक्टरांनी घ्यायला लावलेलं, साधं, दंडाला पट्टा गुंडाळून रबरी फुगा दाबायचं. ते पाहायचं नर्सताईंनी मला शिकवलं होतं. नवरा पट्टा बांधू देईनात. "नाई! नाई!" दोघांनी धरून बांधला. मोजलं. रोज येतं तेवढंच.

"ठीक हाय जी," मी म्हटलं. "काई नाई झालं. घाबरू नोका."

त्यावर त्यांनी एक सणसणीत शिवी दिली. वर्षभरात त्यांचं इतकं स्पष्ट उच्चारलेलं मी काही ऐकलं नव्हतं. दीर बाहेर गेला. ओट्यावरून त्याचा आवाज आला, कोणाला तरी फोनवर सांगत होता, "हो, बोट देतो. इंजनासगट घेऊन जा."

मी दंडाचा पट्टा काढायला लागले, तर नवऱ्याने डाव्या हाताने माझा हात बाजूला केला. यंत्राचा रबरी फुगा मुठीत घेतला आणि दाबला. माझ्याकडे बघितलं. पुन्हा दाबला, आणि भिंतीकडे, म्हणजे घाटाच्या दिशेने बोट केलं. फुगा माझ्या हातात दिला. "बीपी," ते म्हणाले, अगदी हळू, पोराला समजवावं तसं. "तिकडं. बीपी."

पेट्रोलच्या टाकीपासून इंजिनापर्यंत जी नळी जाते, तिच्या मध्ये रबरी फुगा असतो. तो दाबून दाबून पेट्रोल इंजिनात चढवतात. मी रोज तो दाबत होते आणि माझ्या डोक्यात आलं नव्हतं की तो हुबेहूब या फुग्यासारखा दिसतो.

"टाकीच्या नयीतला फुगा?" मी विचारलं.

त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली. मग मूठ घट्ट आवळून दाखवली आणि सैल सोडून दाखवली. घट्ट झाली की "हो." सैल पडली की "नाई."

फुगा घट्ट व्हायला पाहिजे. माझा कधीच झाला नव्हता. दाबला की थोडा भरायचा आणि पुन्हा मऊ पडायचा. मला वाटायचं, जुना आहे, असाच असेल. मी तिथेच जमिनीवर बसले आणि विचार करू लागले. मिस्त्रीकडे इंजिन पटकन चालू झालं ते का? त्याने बाटली वर टांगली होती. पेट्रोल आपोआप खाली उतरत होतं. आमची टाकी बोटीच्या तळाशी, इंजिनाला ते ओढून घ्यावं लागतं. इंजिन चांगलं आहे आणि पेट्रोलही चांगलं आहे. मधे कुठेतरी ओढताना हवा जाते. उसाच्या रसाच्या नळीला भोक असलं की ओठ दुखेस्तोवर ओढा, रस वर येत नाही, तसंच.

मी ओट्यावर गेले. "भाऊजी, फोन ठेवा."

"वयनी, आता बस करा."

"उद्याच्या दिवस थांबा. नाई झालं तं मी सोता बोट धुवून देतो त्या माणसाले."

त्याने माझ्याकडे पाहिलं. फोन कानालाच होता. "उद्या सांगतो," तो त्यात म्हणाला आणि ठेवून दिला.

सकाळी नळी सोडून घरी आणली. आतलं पेट्रोल काढून टाकलं, नळी वाळू दिली. मग अंगणात पाण्याची बादली भरून, टाकीकडचं टोक बाहेर ठेवून, नळी त्यात बुडवली. तिचं इंजिनाकडचं तोंड जोडलेलं नसलं की आपोआप बंद राहतं. मी फुगा दाबला. नवरा खुर्ची पुढे ओढून बादलीवर वाकले होते. काही नाही. पुन्हा दाबला. मी नळी हळूहळू सरकवत होते. इंजिनाकडच्या टोकाशी, पत्र्याच्या क्लिपेखाली, एक बुडबुडा आला. मग बारीक बुडबुड्यांची माळच सुटली.

"च्यामारी!" नवरा म्हणाले. आनंदाने.

क्लिप काढली. खालची नळी उन्हाने तडकली होती. क्लिपेमुळे वरून काही दिसत नव्हतं. टोकाच्या आतलं रबरी कडंही वाळून बारीक झालं होतं. मोर्शीला जाऊन पेट्रोलची नवी नळी, क्लिपा आणि रबरी कडी आणली. संध्याकाळी मी नळी बसवली, दिराने क्लिपा आवळल्या. पुन्हा बादलीत बुडवून पाहिलं. बुडबुडा नाही. फुगा दाबत गेले तसा तो माझ्या मुठीत टणक झाला, कच्च्या लिंबासारखा. नवऱ्याने हात पुढे केला, मी त्यांच्या डाव्या मुठीत दिला. त्यांनी दाबून पाहिला आणि तसाच थोडा वेळ धरून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्यावर वारा नव्हता. दिराने नवऱ्याला बोटीत घेतलं. मी म्हटलं पुढे बसवा, तर ते ऐकेनात. मागच्या आडव्या फळीवर, उजव्या अंगाला, आपल्या नेहमीच्या जागी जाऊन बसले. मी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू सैल केला, फुगा घट्ट होईस्तोवर दाबला, इंजिन मोकळ्या गिअरला आहे ते पाहिलं, चोक ओढला. पाय फळीला रोवले. दोरी आधी हळू ओढली, अडते तिथपर्यंत, आणि मग सगळं अंग मागे टाकून एकदम ओढली. एकदा. पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा ते पेटलं. मी चोक हळूहळू आत सारला आणि आवाज एकसारखा झाला.

मी हँडल धरायला वळले तर ते नवऱ्याच्या हातात होतं. डाव्या. मग मला आठवलं, ते चालवायचे ते डाव्याच हाताने. उजव्या बाजूला बसायचं आणि डावा हात मागे हँडलवर. उजवा लागायचा फक्त दोरी ओढायला. वर्षभर आम्ही सगळे, मीही, धरून चाललो होतो की आता हा माणूस बोट चालवू शकणार नाही.

"दादा, तुमी नोका," दीर म्हणाला.

"राहू द्या," मी म्हटलं. लाल दोरी माझ्या मनगटाला बांधली आणि त्यांच्या शेजारी बसले. काही झालं तर मी एक झटका दिला की इंजिन बंद पडणार होतं. दीर पुढे वल्हं घेऊन बसला. बोट निघाली.

आदल्या वेळी जिथे बंद पडलो होतो ती जागा आली. आवाज बदलला नाही. मधल्या पाण्यात बुडालेल्या गावातल्या पिंपळाचा वाळका शेंडा वर निघालेला आहे. त्याला वळसा घालून जावं लागतं. नवऱ्याने तो वळसा न सांगता घेतला. मी पहिल्यांदाच इंजिनाकडे तोंड करून बसले होते. काठ धरायचं विसरले, हे मला पलीकडे पोचल्यावर कळलं.

बागेत फळ रंगायला लागलं होतं. शेंदूरजनाघाटचा व्यापारी बाग पाहून गेला होता, तोडा अजून व्हायचा होता. दिराने हात दिला, मी कंबर धरली. नवरा काठी टेकत पहिल्या ओळीत शिरले. मला वाटलं, रडतील. ते रडले नाहीत. एका झाडापाशी थांबले, वर पाहिलं, दुसऱ्यापाशी थांबले. मग काठीने एक वाळकी फांदी टोचली आणि माझ्याकडे वळून म्हणाले,

"सल काहून नाई काढली?"

झाडातल्या वाळक्या काड्या काढतात, त्याला आमच्याकडे सल काढणं म्हणतात. दर वर्षी तोडा झाला की हे काम असतं. मागच्या वर्षी दवाखान्याच्या धावपळीत राहून गेलं. पण अख्खं वाक्य होतं ते. एकही शब्द इकडचा तिकडे नाही, आणि आवाजात पूर्वीचीच कुरकुर.

"काढतो," मी म्हटलं. "तोडा झाला का काढतो."

दीर दुसऱ्या झाडाकडे तोंड करून उभा राहिला आणि उपरण्याने डोळे पुसायला लागला. त्या संध्याकाळी त्याने गिऱ्हाइकाला फोन करून सांगितलं की बोट देणं नाही.

हिवाळाभर आम्ही जात राहिलो. सगळे शब्द परत आले असं नाही. घरी अजून पाण्याला खुर्ची म्हणतात. पण बागेत गेलं की नेमके शब्द जास्त सापडतात. अमरावतीच्या डॉक्टरांना सांगितलं, ते म्हणाले, मग न्या, जितकं नेता येईल तितकं न्या. इंजिनही काही शहाणं झालेलं नाही. थंडीत दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो. एकदा पंख्यात माशाचं जाळं अडकलं, एकदा पाण्यातच पेट्रोल कमी पडलं. दर वेळी मी आधी स्वतः पाहते, मग त्यांना विचारते, मग दिराला फोन.

उन्हाळ्यात पाणी उतरलं तेव्हा बोट चिखलाला लागायच्या आत इंजिन काढायचं ठरलं. शेवटच्या दिवशी अंगणात पाण्याच्या ड्रममध्ये उभं करून चालू केलं आणि नळी काढून घेतली, म्हणजे आतलं उरलंसुरलं पेट्रोल जळून जाईल आणि पुन्हा डिंक जमणार नाही. आम्ही दोघं समोर बसून ऐकत होतो. आवाज हळूहळू वर चढला, लटपटला आणि थांबला. नवऱ्याने हात लांब करून इंजिनाच्या टोपणावर ठेवला, गरम होतं तरी उचलला नाही.

"आता पुसून घे," ते म्हणाले. मी कापड आणायला उठले.